वाढत्या अंगाचं नको, बाई!

मुलांसाठी काही घ्यायचं म्हटलं की दुकानाची पायरी चढतानाच आपलं वाक्य ठरलेलं असतं, "जरा वाढत्या अंगाचं दाखवा हो!" फ्रॉक असो, गणवेश असो, नाही तर पावसाळी बूट असोत. दोन बोटं कापड आत दुमडायचं, बुटात कापसाचा बोळा कोंबायचा आणि पुढच्या दोन वर्षांची बेगमी करून ठेवायची. यात गैर काही नाही. ठरावीक पगारात संसार बसवणाऱ्या बाईला हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. माझ्या सासूबाई तर कौतुकाने सांगतात की, ह्यांच्या मुंजीतला कोट धाकट्या भाऊजींच्या मुंजीलाही चालला आणि शेवटी त्याच्या अस्तराची उशीसुद्धा झाली!

पण मैत्रिणींनो, एक वस्तू अशी आहे की, ती वाढत्या अंगाची घेतली तर पैसे गेले ते गेलेच, वर आपण निर्धास्त झालो हा धोका वेगळाच. ती वस्तू म्हणजे हेल्मेट. तुम्ही म्हणाल, पापड-लोणची आणि विणकामाच्या पानांत हे हेल्मेटचं काय पुराण? जरा थांबा. हे पुराण आमच्या घरात गेल्या वर्षी चांगले तीन महिने चाललं होतं आणि त्याचा शेवट टेप घेऊन माप मोजण्यातच झाला. माप मोजणं हे तर आपलंच खातं!

त्याचं असं झालं. माझी लेक बारा वर्षांची. सुट्टीत मावसभावंडांबरोबर गेली ती गो-कार्टिंगचं वेड घेऊनच परतली. कार्ट म्हणजे छप्पर नसलेली, जमिनीला चिकटून पळणारी चार चाकांची बुटकी गाडी. मोठमोठ्या रेसिंगवाल्यांची सुरुवात म्हणे याच गाडीवर होते. आमच्या गावापासून दीड तासावर एक ट्रॅक आहे. महिन्यातून दोन रविवार तिथे शिकायला जायचं, असं बापलेकींनी परस्पर ठरवून टाकलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "मुलीच्या जातीला हे काय भलतंच?" त्यांना मी वर्तमानपत्रातलं कात्रण दाखवलं. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ साली राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून गटाचं विजेतेपद मिळवलं आणि त्या दोन मुलांच्या आई आहेत. सासूबाईंनी चष्मा पुसून फोटो पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "दोन मुलांची आई! मग डोकं जपत असेल हो ती."

त्यांचं ते वाक्य माझ्या मनात राहिलं. कारण दुसऱ्याच रविवारी लेक घरी आली आणि हसत हसत सांगायला लागली, "आई, आज काय गंमत! वळणावर हेल्मेटच फिरलं माझं. अर्धा रस्ता दिसतच नव्हता!" तिला गंमत वाटत होती. माझ्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली. ट्रॅकवर भाड्याने मिळणारं ते हेल्मेट, आधीच्या चार जणांच्या घामाने ओलं आणि हिच्या डोक्यावर घमेल्यासारखं सैल! शर्यतीच्या कार्टला मोटारीसारखा पट्टाही नसतो. म्हणजे पोरीच्या आणि रस्त्याच्या मध्ये जे काय आहे ते हेच. मी त्याच दिवशी सांगून टाकलं, जायचं असेल तर स्वतःच्या मापाचं हेल्मेट घेऊन जायचं. नाही तर घरी बसून कॅरम खेळायचा.

हे म्हणाले, "बरं, घेऊ. पण मोठं घेऊ. तीन वर्षं तरी चालायला हवं." आला ना पुन्हा वाढत्या अंगाचा हिशेब! त्यात जाऊबाईंचा फोन आला, "अगं, आमच्या बाळ्याचं हेल्मेट पडून आहे. कशाला नवीन घेता? पाच-सहाच वर्षं झालीत त्याला." जाऊबाईंचं मन मोडायचं कसं? आणि मोडायचं नाही तर लेकीच्या डोक्याचं काय? मी म्हटलं, आधी समजून तर घेऊ. बी.ए.ला इतिहास होता म्हणून असेल, पण मुळापासून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

हेल्मेटचा इतिहास शर्यतीपासूनच सुरू होतो. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स नावाचा शर्यतीचा ट्रॅक होता. तिथल्या एरिक गार्डनर नावाच्या डॉक्टरांनी डोक्याच्या जखमा पाहून पाहून एक टणक टोपी करून घेतली, आणि १९१४ साली आयल ऑफ मॅन बेटावरच्या मोटरसायकल शर्यतीत ती सक्तीची झाली. पुढे १९३५ साली 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलच्या अपघातात गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी त्यानंतर मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून हेल्मेटचं महत्त्व जगाला पटवून दिलं. आणि १९५६ साली अमेरिकेत विल्यम 'पीट' स्नेल हा शर्यतपटू डोक्याला मार लागून गेला. त्याने हेल्मेट घातलं होतं, पण ते त्याला वाचवू शकलं नाही. त्याच्या मित्रांनी १९५७ साली त्याच्या नावाने संस्था काढली आणि हेल्मेटची कसून चाचणी सुरू केली. आजही शर्यतीच्या हेल्मेटमध्ये 'स्नेल'चं लेबल पाहतात ते त्यामुळे. म्हणजे हेल्मेट आहे एवढ्यावर भागत नाही, ते कसं आहे हेही पाहावं लागतं.

तर कसं आहे हे पाहायचं म्हणजे काय? बाहेरचं कवच टणक असतं हे आपल्याला दिसतं. पण खरं काम करतो तो आतला थर, थर्माकोलसारखा. डोकं आपटलं की तो थर स्वतः चेपतो आणि धक्का गिळतो. नारळ वर पडला तर खालची दुरडी चेपते, पण आतली अंडी वाचतात, तसंच काहीसं. एकदा चेपला की तो थर पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसो, टाकूनच द्यायचं. आणि हेल्मेट सैल असेल तर? डोकं आधी आतल्या आत हलतं, हेल्मेट एकीकडे जातं, डोकं दुसरीकडे. नाही तर ते डोळ्यांवर येतं, नाही तर पडताना सरळ निघूनच जातं. चिलखत रस्त्यावर आणि शिपाई नाल्यात!

आता मापाकडे वळू. शिवणाचा मऊ टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण एक इंच, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो सगळ्यांत फुगीर भाग असतो तिथून फिरवून पुढे आणा. टेप वर-खाली होऊ देऊ नका. तीनदा मोजा आणि सर्वांत जास्त येईल ते माप धरा. माझ्या लेकीचं आलं ५३ सेंटिमीटर. वाटलं, चला, झालं! ब्लाऊजपीसवर खूण करावी तसं ५३ लिहून ठेवलं. पण हे माप म्हणजे फक्त सुरुवात असते हे पुण्याला दुकानात गेल्यावर कळलं.

पुण्याचं ते दुकान एका तरुण मुलाचं होतं. त्याने आमच्या ह्यांचं "जरा मोठं दाखवा" शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, चपलेचं माप चुकलं तर चप्पल पायातून निघते. हेल्मेट निघालं तर?" हे गप्प. मग तो म्हणाला, "आणि तसंही, डोकं काही उंचीसारखं वाढत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याची बरीचशी वाढ झालेली असते. बाराव्या वर्षानंतर वाढून वाढून किती वाढणार? एक-दोन सेंटिमीटर." बघा, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं! हात-पाय वाढतात म्हणून बाही दुमडायची, पण डोकं तर वाढून बसलेलं. ज्या वाढीसाठी आपण मोठं घेतो, ती वाढ व्हायचीच नसते.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती वजनाची. मोठ्या माणसांचं शर्यतीचं हेल्मेट मुलाच्या मानेला जड पडतं. म्हणून स्नेल संस्था आणि मोटार शर्यतींची आंतरराष्ट्रीय संस्था एफआयए यांनी मिळून २००७ साली मुलांच्या कार्टिंगच्या हेल्मेटसाठी वेगळा दर्जा ठरवला. त्याला सीएमआर म्हणतात. ती हेल्मेटं वजनाला हलकी असतात. तेव्हा बारा वर्षांच्या मुलीला 'मोठं' घ्यायचं म्हणजे नुसतं सैल नव्हे, तर जडही घ्यायचं.

मग सुरू झाली घालून पाहण्याची परीक्षा. आपण साडी घेताना पदर खांद्यावर टाकून आरशात पाहतो, तसं हे नाही. दोन्ही बाजूंचे पट्टे हातांनी बाहेर ओढून धरायचे आणि हेल्मेट पुढून मागे असं डोक्यात सरकवायचं. जाताना कान दुमडतात, ते आत बोट घालून सरळ करायचे. पहिलंच हेल्मेट घातलं आणि लेकीचे गाल दोन्हीकडून असे दाबले गेले की ओठांचा चंबू झाला, अगदी मत्स्यालयातल्या माशासारखा. मी म्हटलं, "अहो, लहान होतंय." तो म्हणाला, "नाही काकू, असंच हवं." नव्या हेल्मेटच्या आतल्या गाद्या वापरून थोड्या दबतात. आज आरामशीर वाटलं तर दोन महिन्यांनी ते सैल होणार. गालांना घट्ट बसायला हवं, पण कुठे टोचायला नको, हा नियम.

घट्ट आणि टोचरं यांतला फरक कळायला वेळ लागतो. म्हणून त्याने लेकीला हेल्मेट घालून वीस मिनिटं तसंच बसवून ठेवलं. आम्ही चहा घेतला. काढल्यावर कपाळाच्या मधोमध लाल वळ उमटला होता आणि दोन्ही कानशिलांशी मात्र माझं बोट सहज आत जात होतं. माप बरोबर ५३चंच, पण घडण गोल आणि हिचं डोकं लांबट, आजोबांच्या वळणाचं! घेर तोच असला तरी कुणाचं डोकं लांबट, कुणाचं गोल असतं. पुढे-मागे दाबतंय आणि बाजूला फट पडतेय, तर लांबट डोक्याला गोल हेल्मेट आलंय असं समजावं. उलट कानशिलांवर दाब येत असेल, तर गोल डोक्याला लांबट आलंय. अशा वेळी एक माप मोठं घ्यायचं नाही, दुसऱ्या कंपनीचं त्याच मापाचं पाहायचं. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. ब्लाऊज कंबरेत बसला नाही म्हणून आपण काय छातीत सैल करतो का? तसंच.

दुसऱ्या कंपनीचं हेल्मेट छान बसलं. मग त्याने आणखी तीन गोष्टी करून दाखवल्या, त्या तुम्ही नक्की लक्षात ठेवा. पहिली, दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवायचं. डोकं स्थिर ठेवलं तर कपाळाची आणि गालांची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय, तर ते मोठं. दुसरी, पट्टा बांधून मागच्या काठाला हात लावायचा आणि हेल्मेट वर-पुढे ढकलून डोक्यातून काढायचा प्रयत्न करायचा. निघता कामा नये. ट्रॅकवरच्या हेल्मेटची ही परीक्षा घेतली असती तर ते नक्की हातात आलं असतं. तिसरी, हेल्मेट घालून गाडीत बसतो तसं बसून पाहायचं. कार्टमध्ये थोडं मागे रेलून बसतात. उभं राहून समोर नीट दिसलं तरी रेलल्यावर वरची कड डोळ्यांत येते का, ते पाहावं लागतं. त्याने एक बुटका पाट काढला आणि लेकीला त्यावर पाय पसरून बसवलं. दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली!

पट्ट्याचं बक्कल म्हणजे दोन कड्या होत्या. पट्टा दोन्ही कड्यांतून घालायचा आणि परत फिरवून एकीतूनच काढून ओढायचा. ओढावं तितका तो घट्ट बसतो. हनुवटीखाली दोन बोटं मावली की पुरे. लेकीला ते डोळे मिटून दहा वेळा करायला लावलं आणि मगच पैसे दिले. किंमत? माझ्या शाळेच्या अर्धवेळ पगाराचे दोन महिने. भिशीचे पैसे नुकतेच हाती आले होते, त्यातून भागवलं. मिक्सर आणखी एक वर्ष घरघर करील, करू दे.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. शर्यतीचं आणि रस्त्यावरचं हेल्मेट एकच समजू नका. मोटारीच्या शर्यतीच्या हेल्मेटचं आतलं अस्तर आगीलाही दाद देणार नाही असं असावं लागतं, दुचाकीच्या हेल्मेटला ती चाचणी नसते. आपल्याकडे रस्त्यावरच्या दुचाकीसाठी आयएसआय चिन्ह असलेलंच हेल्मेट हवं. १ जून २०२१ पासून त्या चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. फुटपाथवर मिळणारी ती हलकी रंगीत टोपी पोलिसाला फसवेल, रस्त्याला नाही.

आता जाऊबाईंचं. त्यांना फोन करून मी खरं तेच सांगितलं, "वहिनी, बाळ्याचं हेल्मेट मोटरसायकलचं आहे आणि त्याच्या डोक्याच्या मापाचं आहे. शिवाय पाच वर्षं झाली की बदलावं असं स्नेलवालेच सांगतात." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बाळ्याचंही बदलायला हवं की गं!" राग राहिला बाजूला, आमचं मापावरच अर्धा तास बोलणं झालं. दुसऱ्याचं हेल्मेट घेऊ नये याचं आणखी एक कारण म्हणजे ते कधी, कुठे आपटलंय ते आपल्याला ठाऊक नसतं आणि आतला थर दबलेला वरून कळत नाही.

माझी शाळा घरापासून चार पावलांवर, त्यामुळे मी चालतच जाते. पण बाकीच्या बाया स्कूटरवरून येतात. एका मधल्या सुट्टीत मी टेप घेऊन शिक्षकांच्या खोलीत बसले आणि सातजणींची डोकी मोजली! मापं आली ५३ पासून ५७ पर्यंत. मग हेल्मेटच्या आत शिवलेली लेबलं पाहिली. चौघींच्या हेल्मेटवर ६० लिहिलेलं. कारण विचाराल तर एकच, "ह्यांचं जुनं होतं ना!" ह्यांनी नवीन घेतलं, जुनं बायकोच्या वाट्याला आलं. एकीने तर प्रामाणिकपणे सांगितलं, "मला तेच बरं पडतं. अंबाडा आत मावतो." अंबाडा! हेल्मेटमध्ये अंबाड्याला जागा असेल तर ती डोक्याला मोकळीच आहे. केस मानेशी सैल वेणीत बांधा, आकडे-पिना काढून ठेवा, मोठी कानातलीही काढा. चष्मा असेल तर हेल्मेट आधी आणि चष्मा नंतर. दुकानातही चष्मा लावूनच पाहा, काड्या कानशिलावर रुतायला नकोत. आणि पट्टा बांधा. कायद्याच्या १२९व्या कलमातसुद्धा नुसतं हेल्मेट घालणं नाही, तर पट्ट्याने नीट बांधलेलं हेल्मेट, असंच म्हटलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मागे बसणाऱ्या चार वर्षांवरच्या मुलालाही ते लागतं. तिथेही तेच. बाबांचं हेल्मेट बाळाच्या डोक्यावर घालून चालत नाही.

थोडं निगेविषयी. हेल्मेट रॉकेल, पेट्रोल किंवा थिनरने कधी पुसू नका, त्याने कवच आणि थर दोन्ही खराब होतात. ओल्या फडक्याला सौम्य साबण पुरे. गाद्या निघत असतील तर शॅम्पूच्या पाण्यात हातानेच धुवा आणि सावलीत वाळवा. केसांचं तेल, घाम, क्रीम यांनीही आतलं सामान हळूहळू खराब होतं. तेव्हा तेल चोपडून लगेच हेल्मेट घालू नका, मध्ये सुती रुमाल बांधायचा असेल तर तो पातळच हवा आणि माप घेतानाही तोच बांधून घ्या. लेक आत पातळ कापडी टोपडं घालते, दुकानात आम्ही त्याच्यासकटच सगळं पाहिलं होतं.

रविवारी पहाटे बापलेक निघतात. धोका संपला असं मी म्हणत नाही. वेगाचा खेळ आहे, परत येईपर्यंत माझं लक्ष दारातच असतं. पण तिच्या डोळ्यांवर काही सरकणार नाही, एवढी खात्री मात्र आहे. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची गुंडाळीची पिशवी शिवली आहे, आत दुहेरी कापड घालून. निघताना लेक वाकून नमस्कार करते तेव्हा त्या म्हणतात, "घाल बघू आत्ताच." मग तिच्या हनुवटीखाली दोन बोटं घालून पाहतात. तिसरं बोट घालून पाहतात. जात नाही. "हं, जा आता," म्हणतात आणि देवघरात जातात.